बुधाचे अधिक्रमण : ग्रामीण भागात करावयाची पूर्वतयारी

शनिवार, दिनांक १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी बुध हा ग्रह सूर्यबिंबावरून सरकत जाईल. ग्रहाच्या अशा प्रवासास खगोलशास्त्रात ‘अधिक्रमण’ अशी संज्ञा आहे. भारतीय प्रमाणवेळेनुसार दुपारी १२ वाजून ११ मिनिटांच्या सुमारास बुधाचा सूर्याच्या कडेला प्रथम स्पर्श होईल. २ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास तो बिंबमध्याच्या सर्वांत निकट येईल आणि ४ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास बिंबाबाहेर पडेल. जवळजवळ साडेचार तासांचा हा प्रवास महाराष्ट्राच्या पूर्व टोकापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सर्वत्र आरंभापासून अखेरपर्यंत दिसण्याजोगा आहे, कारण तो संपेल त्या वेळी राज्यात कोठेही सूर्यास्त झालेला नसेल.

असा योग वारंवार येत नाही. ९ मे २०१६ रोजी झालेल्या अधिक्रमणाचा केवळ आरंभीचा भाग आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी दिसू शकला. ११ नोव्हेंबर २०१९ चे अधिक्रमण सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रात सूर्य मावळलेला होता. २०१६ साली जन्मलेले मूल २०३२ साली सोळा वर्षांचे होईल. त्याच्या शालेय वयात बुधाचे अधिक्रमण पाहण्याची ही एकच संधी आहे, ही गोष्ट शिक्षकांनी व शिक्षणाशी संबंधित अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

मोठ्या शहरांत तारांगणे, विद्यापीठे आणि हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्था अशा प्रसंगी कार्यक्रम आखतात. प्रश्न आहे तो ग्रामीण शाळांचा. म्हणून प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्यातील, निफाड तालुक्यातील लासलगाव हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. कांद्याच्या बाजारपेठेमुळे हे गाव देशभर परिचित आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र येथे २००२ साली सुरू झाले आणि तेथे प्रक्रिया झालेला आंबा २००७ पासून अमेरिकेस जाऊ लागला. विज्ञानाशी या गावाचा परिचय अशा रीतीने नवा नाही. लासलगावास जे शक्य आहे ते राज्यातील कोणत्याही बाजारगावास शक्य आहे.

अधिक्रमण दुर्मिळ का असते ?

बुध सूर्याभोवती ८८ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि साधारणतः दर ११६ दिवसांनी तो पृथ्वी व सूर्य यांच्या दरम्यान येतो. यास अंतर्युती म्हणतात. प्रत्येक अंतर्युतीच्या वेळी अधिक्रमण घडावे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु बुधाच्या कक्षेची पातळी पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ७ अंशांचा कोन करते. त्यामुळे बहुतेक वेळा बुध सूर्यबिंबाच्या वरून अथवा खालून निघून जातो. ज्या दोन बिंदूंत या पातळ्या परस्परांस छेदतात त्यांना पात म्हणतात. पृथ्वी या पातांच्या दिशेस मे महिन्याच्या व नोव्हेंबर महिन्याच्या पूर्वार्धात येते. नेमक्या त्याच सुमारास अंतर्युती झाली तरच अधिक्रमण घडते. एका शतकात असे प्रसंग तेरा ते चौदा येतात. नोव्हेंबरमध्ये बुध सूर्याच्या अधिक निकट असल्याने त्या महिन्यातील अधिक्रमणे मे महिन्यातील अधिक्रमणांच्या सुमारे दुप्पट असतात.

या गणितातील एक नियमितता विद्यार्थ्यांस सहज समजावून देता येईल. ४६ वर्षांत बुधाच्या जवळजवळ बरोबर १९१ प्रदक्षिणा होतात. त्यामुळे ४६ वर्षांनी पृथ्वी आणि बुध पुन्हा पूर्वीच्याच स्थानांच्या आसपास येतात. १९८६ साली अधिक्रमण झाले ते १३ नोव्हेंबर रोजीच. २०३२ चे अधिक्रमण ही त्याच मालिकेतील पुढची पायरी होय.

शुक्राची अधिक्रमणे याहूनही दुर्मिळ आहेत. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ अशी जोडी आपल्या पिढीस लाभली. यानंतरचे शुक्राचे अधिक्रमण २११७ सालच्या डिसेंबरमध्ये व्हावयाचे आहे. आज शाळेत असलेल्या मुलांस यापुढे अधिक्रमण पाहावयाचे असेल तर ते बुधाचेच पाहता येईल.

इतिहासातील धडे

सूर्यबिंबावरील बुध प्रथम पाहिला तो पॅरिस येथे पिएर गासेंदी यांनी, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी. केप्लर यांनी हे अधिक्रमण आधीच वर्तविले होते. त्यानंतर वीस वर्षांनी, ३ नोव्हेंबर १६५१ रोजी, जेरेमाया शेकर्ली या तरुण इंग्रज अभ्यासकाने बुधाच्या अधिक्रमणाचा वेध घेतला तो सुरत येथे. दुर्बिणीच्या साहाय्याने भारतभूमीवर झालेल्या आरंभीच्या नोंदलेल्या वेधांपैकी हा एक होय. हे सुरत लासलगावापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. शेकर्ली यांच्यापाशी वेधशाळा नव्हती. गणित करून घटनेची वेळ आधी काढणे आणि त्या वेळी साधनासह सज्ज असणे, एवढ्या बळावर त्यांनी हे काम केले.

फ्रेंच ज्योतिर्विद ल जाँती यांची हकीकत याहून वेगळी आहे. शुक्राच्या १७६१ च्या अधिक्रमणासाठी ते पुदुच्चेरीस निघाले. परंतु युद्धामुळे त्यांस किनाऱ्यावर उतरता आले नाही आणि डोलत्या जहाजावरून उपयुक्त वेध घेणे शक्य झाले नाही. पुढील अधिक्रमणाची वाट पाहत ते आठ वर्षे पूर्वेकडेच राहिले. १७६९ च्या जूनमध्ये पुदुच्चेरी येथे सर्व सिद्धता झालेली असताना ऐन वेळी आकाश ढगांनी भरून आले. स्वदेशी परतल्यावर आपण मृत समजले गेलो आहोत, असे त्यांस आढळून आले. मनुष्याने सर्व काही केले तरी आकाशाची अनुकूलता हाती नसते, म्हणून वेधाचे एकच स्थान निवडून त्यावर विसंबू नये, हा या हकीकतीचा बोध आहे.

९ डिसेंबर १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाच्या वेळी भारतात शासकीय वेधांबरोबर हौशी अभ्यासकांचेही वेध झाले. विशाखापट्टणम येथे नरसिंग राव यांनी आपल्या खाजगी वेधशाळेतून ते पाहिले. मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी त्या निमित्ताने सामान्य वाचकांसाठी पुस्तिका लिहिली आणि ती इंग्रजीबरोबरच भारतीय भाषांतही निघाली. घटनेपूर्वी लोकांच्या भाषेत तिची माहिती पोहोचविणे हे वेधाइतकेच मोलाचे कार्य आहे, हे त्यांनी जाणले होते.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा मुख्यत्वे शिक्षकांनी चालविली. ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ रचणारे केरो लक्ष्मण छत्रे, ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि ‘ज्योतिर्गणित’कार व्यंकटेश बापूजी केतकर हे तिघेही अध्यापनाच्या व्यवसायात होते. पुणे येथे १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. ती देशातील हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था समजली जाते. मुंबईत १९७७ साली नेहरू तारांगण सुरू झाले, तर १९८५ साली, हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या सुमारास, खगोल मंडळ अस्तित्वात आले. शाळांनी मार्गदर्शनासाठी अशा संस्थांशी आधीपासून पत्रव्यवहार करावा.

मागील अनुभव येथे लागू पडत नाही

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना पुढीलप्रमाणे आहे. २००४ व २०१२ साली अनेकांनी ग्रहणाचे चष्मे लावून शुक्राचा काळा ठिपका पाहिला. शुक्राचे बिंब त्या वेळी सूर्याच्या व्यासाच्या सुमारे एक बत्तिसांश होते, म्हणून ते शक्य झाले. बुधाचे बिंब २०३२ साली सूर्याच्या व्यासाच्या सुमारे एकशे नव्वदाव्या भागाइतकेच असेल. अर्धा मीटर व्यासाचे वर्तुळ म्हणजे सूर्य मानला, तर बुध त्यावर कांद्याच्या काळ्या बियाएवढा भरेल. केवळ चष्म्यातून तो दिसणार नाही. कितीही तीक्ष्ण दृष्टी असली तरी दिसणार नाही.

हे आधी सांगितले नाही, तर दोन अनर्थ संभवतात. चष्मा लावून काहीच दिसत नाही असे पाहून मुले तो काढून उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहतील आणि दृष्टिपटलास कायमची इजा करून घेतील. ही इजा होताना वेदना होत नाहीत, त्यामुळे ती वेळीच कळतही नाही. दुसरे असे की, वृत्तपत्रांत वाचलेले प्रत्यक्षात दिसले नाही, म्हणून विज्ञानाच्या कथनावरच अविश्वास उत्पन्न होईल. तेव्हा चष्मे वाटण्यासाठी खर्च करण्याऐवजी गावात एक लहान दुर्बीण आणणे अधिक हिताचे आहे.

प्रक्षेपणाची सुरक्षित पद्धत

शाळेसाठी सर्वांत सोयीची पद्धत प्रक्षेपणाची होय. तिच्यात कोणीही दुर्बिणीतून पाहत नाही. दुर्बिणीतून येणारा सूर्यप्रकाश पांढऱ्या कागदावर पाडून त्यावरील प्रतिमा सर्वजण पाहतात. ६० मिलिमीटर व्यासाचे भिंग असलेली साधी दुर्बीण त्यास पुरते. अशा दुर्बिणीचे नाभीय अंतर ९०० मिलिमीटर असेल आणि २५ मिलिमीटरची नेत्रिका लावून कागद तिच्यापासून अर्ध्या मीटरवर धरला, तर सूर्याची प्रतिमा सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाची मिळते. तीवर बुध जेमतेम राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, पण गर्द काळा आणि रेखीव गोल दिसेल.

हे करताना पुढील दक्षता घ्यावी :

१) दुर्बिणीवर लावलेली लहान शोधक दुर्बीण झाकून अथवा काढून ठेवावी.

२) दुर्बीण सूर्याकडे वळविताना नळीच्या पडछायेचा आधार घ्यावा. पडछाया सर्वांत लहान होते तेव्हा दुर्बिणीचा रोख सूर्याकडे असतो.

३) नेत्रिका साधी व काचेची असावी. प्लॅस्टिकचे भाग उष्णतेने वितळतात. दुर्बिणीचे भिंग मोठे असल्यास पुठ्ठ्याच्या झाकणास सुमारे ५ सेंटिमीटरचे छिद्र पाडून ते भिंगापुढे लावावे.

४) नळीभोवती पुठ्ठ्याची मोठी चकती बसवावी, म्हणजे कागदावर सावली पडून प्रतिमा स्पष्ट दिसेल.

५) दुर्बिणीपाशी एक प्रौढ व्यक्ती अखंड उभी असावी. नेत्रिकेस डोळा लावण्याचा मोह मुलांस होतो आणि एका क्षणात अंधत्व येऊ शकते.

प्रत्यक्ष दुर्बिणीतून पाहावयाचे असल्यास सूर्यनिरीक्षणासाठी प्रमाणित केलेले धातुलेपित पटल भिंगाच्या पुढे, घट्ट बसवावे आणि त्यावर सूक्ष्म छिद्रे नाहीत याची प्रत्येक वेळी खात्री करावी. नेत्रिकेपाशी लावावयाच्या काळ्या काचा तापून तडकतात, म्हणून त्या वर्ज्य समजाव्यात. क्ष-किरणांची फिल्म, काजळी धरलेली काच आणि उन्हाचे चष्मे यांचा उपयोग कोणत्याही परिस्थितीत करू नये.

लासलगावच्या आकाशाचा विचार

त्या दिवशी लासलगाव येथे मध्यान्ह १२ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास आहे. म्हणजे प्रथम स्पर्शाच्या वेळी सूर्य जवळजवळ मध्यान्हावर, क्षितिजापासून सुमारे ५२ अंशांवर असेल. अखेरच्या स्पर्शाच्या वेळी तो नैर्ऋत्येकडे कलून सुमारे १६ अंशांवर येईल. तेव्हा दक्षिणेस आणि पश्चिम-नैर्ऋत्येस झाडे अथवा इमारती नाहीत अशी जागा निवडावी. सूर्यास्त सहास काही मिनिटे असताना होईल.

नोव्हेंबरमध्ये नव्या लाल कांद्याची आवक सुरू झालेली असते. बाजार आवाराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या रांगा आणि धूळ असते. पत्र्याची छपरे व डांबरी रस्ते यांवरून उठणाऱ्या उष्ण हवेमुळे प्रतिमा थरथरते. म्हणून बाजारापासून दूर असलेले, गवत असलेले शाळेचे मैदान उत्तम. नोव्हेंबरमध्ये साधारणतः आकाश निरभ्र असते. जूनमधील शुक्राच्या अधिक्रमणांस मान्सूनच्या ढगांचे जे भय होते ते येथे कमी आहे. तथापि अवकाळी पाऊस या महिन्यातही येतो, हे द्राक्षबागायतदारांस सांगावयास नको. म्हणून निफाड, येवला, चांदवड अशा शेजारच्या ठिकाणीही केंद्रे ठेवावीत आणि त्यांनी परस्परांशी दूरध्वनीने संपर्क राखावा. कोठेही ढग विरळ झाले तरी साडेचार तासांत काही नोंदी हाती येतीलच.

विद्यार्थ्यांनी करावयाच्या नोंदी

नुसते पाहून मुलांनी घरी जावे एवढाच हेतू नसावा. कागदावर १५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून प्रतिमा त्यात बरोबर बसवावी आणि दर पंधरा मिनिटांनी बुधाचे स्थान पेन्सिलीने बिंदू देऊन दाखवावे. प्रत्येक बिंदूपाशी वेळ लिहावी. दोन बिंदूंमधील अंतर सुमारे ७ मिलिमीटर भरेल. अखेरीस सर्व बिंदू एका सरळ रेषेत येतील आणि तिची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर होईल. सूर्यावर काळे डाग असतील तर तेही दाखवावेत. डागांची कड अस्पष्ट असते आणि सूर्यबिंबावरील त्यांची जागा काही तासांत फारशी बदलत नाही. बुध गोल, एकसारखा काळा असतो आणि सतत पुढे सरकतो. डाग कोणता व ग्रह कोणता, हे मुलांनी स्वतः ठरवावे, यातच खरा पाठ आहे.

दुर्बीण स्थिर ठेवल्यास सूर्याची प्रतिमा सुमारे दोन मिनिटांत आपल्या व्यासाइतकी सरकते. ती ज्या बाजूस सरकते ती पश्चिम, हे वर्तुळावर आधी नोंदवावे, अन्यथा निरनिराळ्या वेळचे बिंदू जुळणार नाहीत. बुध बिंबात पूर्णपणे शिरण्यास सुमारे दोन मिनिटे लागतात. तो कडेपासून सुटतो त्या क्षणी काळ्या थेंबासारखा आकार दिसून नेमकी वेळ ठरविणे कठीण जाते. अशा वेळी संशयाची आरंभीची व अखेरची अशा दोन्ही वेळा लिहाव्यात.

पूर्वी पृथ्वी व सूर्य यांमधील अंतर काढण्यासाठी दूरदूरच्या ठिकाणांहून अधिक्रमणाचे वेध घेत असत. एडमंड हॅले यांस १६७७ साली सेंट हेलेना बेटावर बुधाचे अधिक्रमण पाहताना या पद्धतीचे महत्त्व प्रकर्षाने जाणवले आणि त्यासाठी शुक्र अधिक योग्य ठरेल असे त्यांनी पुढे प्रतिपादिले. एकाच जिल्ह्यातील दोन गावांच्या नोंदींतून हे अंतर काढता येणार नाही, हे विद्यार्थ्यांस स्पष्टपणे सांगावे. मात्र आज इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधण्याची एक प्रमुख रीत हीच आहे. ग्रह आड आल्याने ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, तो मोजला जातो. २००९ साली सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने याच रीतीने हजारो ग्रह शोधले. मुलांच्या कागदावरील ठिपका म्हणजे त्याच संशोधनाचा प्राथमिक पाठ होय.

कोणी काय करावे ?

दुर्बीण मिळविणे हे पहिले काम. ती अधिक्रमणापूर्वी किमान एक वर्ष शाळेत असावी. शिक्षकांनी व वरच्या वर्गातील मुलांनी तिच्या साहाय्याने सूर्याचे डाग कागदावर उतरविण्याचा सराव दर आठवड्यास करावा. ऐन दिवशी प्रथमच हाती घेतलेली दुर्बीण सूर्यावर रोखण्यातच अर्धा तास जातो. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शिक्षकांच्या नियमित बैठकीत प्रक्षेपणाचे प्रात्यक्षिक ठेवावे. अमावास्या ३ नोव्हेंबरच्या सुमारास असल्याने अधिक्रमण दिवाळीनंतर लवकरच येते. शाळांस सुट्टी असण्याचा संभव लक्षात घेऊन मुलांस एकत्र आणण्याची योजना आधीच करावी.

गर्दीचे गणितही आधी करावे. एका वेळी पाच मुलांनी एक मिनिटभर प्रतिमा पाहिली, तर एका दुर्बिणीवर साडेचार तासांत तेराशेंच्या आसपास मुले पाहू शकतात. दुर्बीण हाताळणारा, वेळ सांगणारा, आकृती काढणारा आणि रांग सांभाळणारा असे चौघे प्रत्येक केंद्रावर असावेत आणि दर तासाने त्यांची पाळी बदलावी. ग्रामपंचायतीने मैदान, पिण्याचे पाणी व सावली यांची व्यवस्था करावी आणि आधीच्या ग्रामसभेत या घटनेची माहिती द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याच सभेत डोळ्यांच्या काळजीविषयी चार शब्द सांगितल्यास त्यांचा प्रभाव अधिक पडेल. अधिक्रमणाचा अन्न, पाणी, गर्भवती स्त्रिया किंवा पिके यांवर कोणताही परिणाम होत नाही, हेही तेथेच स्पष्ट करावे.

१३ नोव्हेंबर २०३२ नंतर ७ नोव्हेंबर २०३९ रोजी दुपारी पुन्हा बुधाचे अधिक्रमण आपल्याकडे दिसावयाचे आहे. तेव्हा २०३२ साली जमविलेली दुर्बीण, सरावलेले शिक्षक आणि जपून ठेवलेली नोंदवही ही एका दिवसापुरती गुंतवणूक ठरणार नाही. ज्या शाळेच्या कपाटात आकृत्यांचे ते कागद तारखेसह व वेळेसह राहतील, तेथील पुढील विद्यार्थ्यांस सात वर्षांनी स्वतःच्या नोंदी त्यांशी ताडून पाहता येतील. आकाशाने वेळापत्रक आधीच जाहीर केले आहे. त्यानुसार आपले वेळापत्रक आखण्याचे काम मात्र प्रत्येक गावाने स्वतःच करावयाचे आहे.